सातव्या तारेवरची पत्रं

चर्च सुटून बराच वेळ झाला तरी कोणी घरी गेलं नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीसमोर, आंब्याखाली, सगळं गाव उभं होतं. पुरुषांच्या कमरेला आमच्या रीतीप्रमाणे रविवारच्या विणलेल्या चटया गुंडाळलेल्या, बायकांच्या हातात पंखे, आणि सगळ्यांच्या मानेवरून घाम. आतून कोणीतरी एकेक वाक्य वाचत होतं आणि ते तोंडातोंडी मागे सरकत होतं. सरकता सरकता वाढतही होतं. खिडकीशी म्हणत होते, "फेलेतीचं पत्र आलंय." आंब्याच्या बुंध्याशी पोचेपर्यंत फेलेती स्वतः बोलला होता. फाटकापाशी उभ्या असलेल्या म्हातारीला जे कळलं ते असं, की फेलेती आत खुर्चीवर बसलाय आणि त्याने प्यायला पाणी मागितलंय. ती बिचारी पाणी आणायला निघालीसुद्धा.

फेलेती माझा धाकटा भाऊ. त्याला पुरून महिना होत आला होता.

मी आता ऐंशीच्या घरात आहे. काल काय जेवले ते आठवत नाही, पण वाव्हाऊ बेटावरची ती दुपार मला अजून वासासकट आठवते. घरोघरी अळूची पानं जळत होती, कारण उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, उघडायला कोणी घरी नव्हतं.

पत्र कॉलेजच्या संगणकावर आलं होतं, फेलेतीच्या नावावरून, त्याच्या बायकोच्या नावावर. त्यावर तारीख त्याच दिवसाची होती आणि वेळ होती आम्ही सगळे दुसरं स्तोत्र म्हणत होतो तेव्हाची. आणि रविवारी आमच्याकडे कोणी काम करत नाही. कायदाच आहे. बाजार बंद, विमान उतरत नाही, पोरांना समुद्रात पोहायलाही सोडत नाहीत. ऑफिसला कुलूप होतं, किल्ली प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खिशात होती आणि साहेब गायकवृंदात उभे होते. ज्याच्यावर शंका घ्यावी असा एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी अख्ख्या गावासमोर दोन्ही हात वर करून उभा होता.

त्याचं नाव इनोके. ऑकलंडहून आला होता. आमच्या धर्मगुरूंची तब्येत बरी नव्हती म्हणून पाहुणा प्रचारक म्हणून त्याला ठेवून घेतलं होतं. राहायला कॉलेजच्या प्रार्थनागृहामागची छोटी खोली. उंच, पांढरेशुभ्र दात, आणि आवाज असा की मिठाची किंमत सांगितली तरी माणसाला रडू यावं.

"बंधूंनो, भगिनींनो," तो खिडकीतून वाकून म्हणाला, "हे यंत्र आहे असं तुम्हाला वाटतं. मला ती खिडकी दिसते. आपण अलीकडे उभे आहोत, फेलेती पलीकडे उभा आहे. मधे फक्त एक काच आहे."

माझ्या शेजारी मालाकाई उभा होता. आमच्या कॉलेजात गणित शिकवायचा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, काचच असेल तर फेलेतीला म्हणावं माझी छत्री परत दे."

पुढचं सांगण्याआधी त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

ते सिडनीच्या कोणत्यातरी मोठ्या शाळेने टाकून दिलेलं धूड होतं. बोटीने आलं. यंत्र एकच, आणि त्याच्यापासून तारा निघून वेगवेगळ्या खोल्यांतल्या पडद्यांना जायच्या. ज्याला काम करायचं त्याने आपल्या पडद्यासमोर बसायचं, आपलं नाव टाकायचं, आपला पासवर्ड टाकायचा आणि आत शिरायचं. काम झालं की बाहेर पडायचं. फेलेतीने त्या तारा स्वतः ओढल्या. शिडी मी धरली होती. पहिली तार त्याच्या खोलीत, मग ऑफिसात, मग माझ्या टायपिंगच्या वर्गात, अशा करत सातवी आणि शेवटची आंब्याच्या फांद्यांमधून प्रार्थनागृहामागच्या खोलीत. तिथे स्तोत्रांची पुस्तकं टाइप करायची म्हणून. वरून तो ओरडला होता, "ताई, शिडी हलवू नकोस, माझ्यावर आता बायकोची जबाबदारी आहे." लोसालिने तेव्हा त्याची नवी नवरी होती आणि खाली उभी राहून हसत होती.

तो गेला तो त्याच यंत्रासमोर. परीक्षेचे गुण भरत होता, छातीत कळ आली, संपलं. लोसालिनेने शोकात आपल्या कमरेची चटई सोडली आणि त्याच्या पडद्यावर, कीबोर्डवर पांघरली. झालं. आमच्या रीतीने त्या खोलीत मला पाऊल टाकता येत नव्हतं. वयात आलेल्या बहिणीने भावाच्या खोलीत जायचं नाही, त्याच्या खुर्चीवर बसायचं नाही. तो जिवंत असतानाही नाही आणि मेल्यावर तर नाहीच. मुलांनी बापाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. आणि विधवेने पांघरलेली चटई परक्या माणसाने उचलायची, एवढी हिंमत आमच्या बेटावर कोणात नव्हती. म्हणून तो पडदा चटईखाली तसाच चालू राहिला.

इनोके मूळचा आमच्याकडचाच, ही रीत त्याला आमच्याइतकीच ठाऊक होती. शिवाय तो फेलेतीच्या संध्याकाळच्या वर्गात येऊन बसायचा. चांगला शिकला होता. एवढं मान्य करायला हवं.

दहाव्याच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले असताना त्याने पहिला चमत्कार केला. लोसालिने कॉलेजच्या ऑफिसात कारकून होती. सगळ्यांना तिथे नेऊन तिच्या पडद्यावर त्याने काहीतरी टाइप केलं. ओळी आल्या. सगळ्यात वरच्या ओळीखाली त्याने आपला पंजा आडवा धरला आणि वाचलं: फेलेतीचं नाव, तो गेला त्या दिवसाची तारीख, आणि शेवटी तीन इंग्रजी शब्द. स्टिल लॉग्ड इन.

"तो अजून आत आहे," इनोके हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, गेला. दाखला म्हणतो, गेला. पण भगिनींनो, यंत्राला कोणाची भीड असते का? यंत्राला ना भाऊ ना भावकी. यंत्र काय म्हणतंय? तो अजून आत आहे."

बायका रडायला लागल्या. मालाकाईने विचारलं, "आत म्हणजे नक्की कशाच्या आत?"

"विश्वासाच्या आत, बंधू मालाकाई."

"मी कावाच्या मुळ्यांची नशा करून असं बोललो की बायको मला बाहेर झोपवते," मालाकाई म्हणाला. पण कोणी हसलं नाही.

तिथून पत्रं सुरू झाली. पहिली दोन लोसालिनेला सोमवारी ऑफिस उघडल्यावर सापडली. दोन्हींवर तारीख रविवारची. तिसऱ्या खेपेला इनोकेने प्रवचनातच जाहीर केलं, की मला आत्ता जाणवतंय, त्याने लिहिलंय, जा आणि बघा. आणि गाव धावत सुटलं. सुरुवातीला सांगितली ती गर्दी हीच.

पत्रांत काय होतं? पहिल्यात प्रेम होतं. दुसऱ्यात त्यांच्या पहिल्या मुलीची आठवण होती. ती जन्मून थोड्याच दिवसांत गेली होती आणि तिचं नाव घरात कोणी उच्चारत नसे. पत्रात ते नाव होतं. तिसऱ्यात सुई होती.

लोसालिनेला साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिन घ्यावं लागे. त्या महिन्यात ओहोटीला शिंपले वेचताना तिचा तळपाय प्रवाळाने कापला होता आणि जखम भरत नव्हती. तिसऱ्या पत्रात फेलेती लिहीत होता: सुई बंद कर. ती सुई आपल्या दोघांमधली भिंत आहे. इनोके प्रार्थना करून देईल ते पाणी पायाला लाव आणि पी. माझा हात तुझ्या पायावर आहे.

इनोकेला तिच्याशी वैर नव्हतं. त्याला तिचा पाय हवा होता, गावाला दाखवायला. मेलेल्या नवऱ्याने बायकोचा पाय बरा केला, एवढं एकदा झालं असतं की दुसऱ्या बेटांवरून बोटी भरून माणसं आली असती. चटया, डुकरं, रताळी यांचा ढीग तर त्याच्या खोलीबाहेर आताच लागला होता.

तीन दिवसांनी मी लोसालिनेच्या घरी गेले. ती पाय उशीवर ठेवून बसली होती. पायाला गोडसर, कुजका वास होता.

"सुई घेतलीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"पत्र आल्यापासून. वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याशी उलट बोलायची माझी पायरी नाही. पण तो नको म्हणतोय."

"तो मेलाय, लोसालिने."

"मग मेलेल्या माणसाला माझ्या पायाचं कसं कळलं?"

"इनोकेला कळलं. त्याने पायावर पाणी शिंपडलं तेव्हा डोळे मिटले होते का त्याने?"

ती हसली. तिचं हसू फार छान होतं. "इनोके चर्चमध्ये होता, वन्सं. तुमच्यासमोर. तुम्ही नेहमीसारखं स्तोत्र भलत्याच सुरात म्हणत होता, तेव्हा तो हात वर करून उभा होता. मग लिहिलं कोणी? आणि फेलेतीच्या यंत्रावर तर माझी चटई आहे. सकाळी लंगडत जाऊन बघून येते मी. एक दोरासुद्धा हललेला नसतो."

दारात तिची मुलगी सेला उभी होती. ती माझ्यामागे अंगणात आली. "आत्या, तुझं तर ती ऐकायलाच हवं. आपल्याकडे आत्याचं घरातले सगळे ऐकतात."

"तुझ्या बापाचं ती त्याहून जास्त ऐकते," मी म्हणाले. "आणि तिला वाटतंय तोच बोलतोय."

पण लोसालिनेच्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फेलेतीच्या यंत्रावर माझी चटई आहे. सगळं गाव हेच म्हणत होतं. खोली बंद, खुर्ची रिकामी, चटई जागच्या जागी, म्हणजे लिहिणारा माणूस नव्हे. आमच्याकडे माणसाची जागा म्हणजे माणूस. त्याच्या चटईवर दुसरा बसत नाही, त्याच्या कपातून दुसरा कावा पीत नाही. म्हणून सगळे धरून चालले होते, की फेलेतीच्या नावाने लिहायचं तर फेलेतीच्या खुर्चीवर बसावं लागेल. त्या यंत्राला खुर्ची माहीत नव्हती. त्याला नाव आणि पासवर्ड माहीत होता. ते दोन्ही ज्याच्याकडे असतील तो कुठल्याही तारेवरून फेलेती होऊ शकत होता.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी माझ्या पडद्यासमोर बसले. फेलेतीने मला एक कमांड शिकवली होती. चार इंग्रजी अक्षरांची. 'लास्ट'. पुढे माणसाचं नाव टाकायचं. मग यंत्र त्या माणसाच्या सगळ्या येण्याजाण्याची नोंद दाखवतं, ताजी सगळ्यात वर: कोण आलं, कुठल्या तारेवरून आलं, कोणत्या दिवशी, केव्हा आत शिरलं आणि केव्हा बाहेर पडलं. त्यासाठी त्या माणसाच्या खोलीत जावं लागत नाही, त्याच्या वस्तूला हात लावावा लागत नाही. माझ्या खुर्चीवर बसून मला माझ्या भावाचा माग काढता येत होता. रीत कुठेच मोडत नव्हती.

मी टाइप केलं.

फेलेतीच्या जिवंतपणीच्या नोंदी संपत होत्या तिथे तीच ओळ होती जी इनोकेने दहाव्याला वाचून दाखवली होती. पहिली तार, मरणाचा दिवस, स्टिल लॉग्ड इन. तिचा अर्थ इतका साधा होता की मला राग आला. फेलेती काम करता करता गेला, त्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, आणि चटईमुळे त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी बाहेर पडलं नाही. यंत्र अजून त्याची वाट बघत होतं. माणूस जिवंत आहे की मेला हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पण त्या ओळीच्या वर आणखी ओळी होत्या. दहाव्यानंतरच्या. सगळ्या फेलेतीच्या नावाच्या. सगळ्या शनिवारच्या संध्याकाळच्या, आणि प्रत्येक वेळी बसणं जेमतेम चहा पिण्याइतकं. रविवारी एकदाही नाही. आणि पहिल्या तारेवरून एकही नाही. प्रत्येक ओळीत सातवी तार.

मी बाहेर आले आणि वर पाहिलं. तार आंब्यातून निघून इनोकेच्या खोलीच्या छपराखाली शिरत होती. खोलीबाहेर एक डुक्कर बांधलेलं होतं आणि आतून त्याच्या गाण्याचा आवाज येत होता.

शनिवारी बसून रविवारी पत्र कसं पोचतं, तेही मला माहीत होतं. ते फेलेती रोज करायचा. यंत्राला आज सांगून ठेवता येतं, की हे काम उद्या अमुक वेळी कर. सकाळच्या हजेरीचे कागद तो आदल्या दिवशी सांगून ठेवायचा आणि आम्ही येईपर्यंत ते छापून पडलेले असायचे.

मी तेव्हाच लोसालिनेकडे जाऊन सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, त्या ओळी तुम्ही बघितल्या. मी कुठे बघितल्या?" मी म्हटलं, चल, दाखवते. ती म्हणाली, आज पाय टेकवतच नाही. आणि मग, नजर वळवून, "रविवारी परत येईल त्याचं पत्र. मला ते वाचू द्या आधी."

तेव्हा मी ठरवलं, सगळ्यांसमोरच व्हायचं ते होऊ दे. मालाकाईला तेवढं सांगितलं. डॉक्टरांकडेही गेले. ते म्हणाले, "तिला उचलून आणता येत नाही, बाई. ती नाही म्हणते. तिला आणा कशीही. लवकर."

फेलेतीनंतर यंत्राची देखभाल माझ्याकडे आली होती. शनिवारी संध्याकाळी मी माझ्या वर्गात बसून राहिले. सातव्या तारेवर फेलेती आत आला. माझा भाऊ, मेलेला, माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर आत आला आणि थोड्या वेळाने बाहेर पडला. खरं सांगते, ते नाव मी दोनदा वाचलं. मग मी बघितलं, यंत्राने उद्याच्या कामांत एक काम वाढवलं होतं. मी ते काढलं नाही. त्याच्या खाली माझं एक ठेवलं, त्याच वेळेचं.

रविवारी मी पहिल्या बाकावर बसले, सगळ्यांना दिसेन अशी. मालाकाई शेजारी. इनोकेने त्या दिवशी मेलेल्यांच्या प्रेमावर असं प्रवचन दिलं की पंखे थांबले. शेवटी डोळे मिटून म्हणाला, "आलंय. मला जाणवतंय. या वेळी त्याचा आवाज दुःखी आहे."

पुन्हा आंब्याखाली गर्दी. लोसालिनेला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. तिच्या पायाभोवती माश्या होत्या आणि सेला पंख्याने त्या उडवत होती. प्रिन्सिपॉलसाहेब खिडकीतून वाचायला लागले. फेलेती लिहीत होता, की हॉस्पिटलच्या सुरीपासून सांभाळ, तुझी परीक्षा जवळ आली आहे, बंधू इनोकेसाठी प्रार्थनेची मोठी जागा उभी राहू दे, तिथे तुझा पाय बरा होईल.

"आमेन," इनोके म्हणाला.

"अजून एक पत्र आहे," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा सारखा केला. "वेळ तीच आहे. हे कालोलाइनेबाईंचं आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

साहेबांनी वाचलं: "लोसालिनेस, तुझी नणंद कालोलाइने हिचा आशीर्वाद. हे पत्र तुला पोचतंय तेव्हा मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले आहे आणि मालाकाई माझ्या शेजारी घोरतो आहे. मी मेलेले नाही. हे मी काल वर्गात बसून लिहिलं."

"मी घोरत नव्हतो," मालाकाई म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "घोरत होतास." आणि लोक हसले. महिनाभरात त्या आंब्याखाली पहिल्यांदा कोणी हसलं.

मी पुढे गेले. मोठी भाषणं मला कधी जमली नाहीत. मी विचारलं, "आत्ता घरी तुमच्या जमिनीत काय आहे?"

"उमू," कोणीतरी म्हणालं.

"अळूच्या पानांत मांस बांधलंत, नारळाचं दूध घातलंत, तापल्या दगडांवर ठेवून माती लोटलीत आणि चर्चला आलात. आता घरी जाल तर शिजलेलं असेल. कोणी शिजवलं? घरात तर कोणी नव्हतं. रविवारी तर कोणी काम करत नाही. भुतांनी शिजवलं का?"

एक-दोघांनी आपापल्या घराकडे मान वळवून पाहिलं.

"ह्या यंत्रातही असंच पुरून ठेवता येतं. शनिवारी ठेवायचं, रविवारी शिजतं. ठेवणारा मग खुशाल हात वर करून उभा राहतो."

इनोके जराही डगमगला नाही. "भगिनी, सैतानालाही पत्र लिहिता येतं," तो मायेने म्हणाला. "तुमचं तुम्ही लिहिलंत, कबूल. त्याचं त्याने लिहिलं. तुम्ही रताळं उकडलंत म्हणून प्रभूने आकाशातून पाडलेला मन्ना खोटा ठरत नाही."

"बरोबर," मी म्हणाले. "म्हणून यंत्रालाच विचारू. त्याला ना भाऊ ना भावकी, असं तुम्हीच सांगितलंत. साहेब, लास्ट टाइप करा आणि पुढे फेलेतीचं नाव. आणि ह्या वेळी ओळींखाली कोणी हात धरू नका. सगळ्या वाचा."

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. काल, शनिवार, सातवी तार. त्याआधीचा शनिवार, सातवी तार. त्याआधीचा. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. ते देवभोळे होते आणि त्यांना इनोके आवडत होता.

"सातवी तार कुठली?" मागून एकाने विचारलं.

मी नुसतं बोट वर केलं. ऑफिसच्या छपरातून तार निघाली होती. सगळ्या गावाने माना वर केल्या आणि तारेवरून नजर सरकवत नेली, आंब्याच्या फांद्यांतून, पुढच्या अंगणावरून, प्रार्थनागृहाला वळसा घालून, थेट त्या खोलीच्या छपरापर्यंत. शेकडो माणसं, एकाच वेळी, एकाच दिशेला. एखादा पक्षी उडत जाताना बघावं तसं.

"पासवर्ड त्याला कसा मिळाला ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण..."

"मला माहीत आहे," लोसालिने म्हणाली.

ती इनोकेकडे बघत होती. "दहाव्याच्या आधी तुम्ही प्रार्थनेला आला होता. म्हणालात, फेलेतीला सगळ्यात प्रिय असं एखादं नाव सांग, जे तुम्ही दोघं मोठ्याने घेत नाही. त्या नावाने प्रार्थना करू. मी बाळाचं नाव सांगितलं." मग तिने गर्दीकडे पाहिलं. "फेलेती वर्गात सगळ्यांना सांगायचा ना, पासवर्ड म्हणून ते नाव ठेवा, जे तुम्ही कोणासमोर घेत नाही."

इनोके गर्दीतून वाट काढत आपल्या खोलीकडे निघून गेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लोकांनी त्याला मारलं, हाकललं, असं काही झालं नाही. सगळे गुपचूप घरी गेले आणि करपलेलं जेवले. एक बाई जाता जाता मला म्हणाली, "बाई, तुम्हाला ह्यातून काय मिळालं? बिचारी पत्रं वाचून खूश होती." पुढच्या बोटीने इनोके गेला. चटया, डुकरं सगळं घेऊन, आणि धक्क्यावर त्याला निरोप द्यायला माणसंही होती. ऐकते, की दुसऱ्या बेटावर त्याने मोठं प्रार्थनागृह उभारलं.

लोसालिनेला त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात नेलं, तिथून राजधानीला. पाय गुडघ्याखाली कापला. मग गुडघ्याच्याही वर कापला. मी तिच्याजवळ राहायला गेले. एका दुपारी ती म्हणाली, "वन्सं, शनिवारी लिहून रविवारी पोचवायचं, ते तुम्हाला येतं ना?"

"येतं."

"मग एक लिहा. त्याच्या नावाने."

मी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"मला ठाऊक असेल तुम्हीच लिहिलंय ते. तरी चालेल. पाय गेला तरी तो रागावला नाही, एवढंच लिहा. तुम्ही बेटावर परत गेलात की लिहा, सेला ऑफिसात बघेल, छापून पाठवेल."

"माझ्या नावाने लिहीन. रोज लिहीन."

"तुमचं काय करू मी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवून पडली.

मी ते पत्र लिहिलं नाही. नाताळच्या आधी ती गेली. तिच्या दहाव्याला जेवताना माझ्यामागे बसलेल्या बायका बोलत होत्या, की पत्रं चालू राहिली असती तर ती जगली असती, नणंदेने बंद पाडली. त्या मुद्दाम मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होत्या. सेला उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटात मासा वाढला. ती आता नर्स आहे. एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही विचारलं नाही, की ते पत्र का लिहिलं नाहीस.

मेल्यावर माणूस कुठे जातो यावर मी कोणाशी भांडत नाही. अजूनही रविवारी चर्चला जाते आणि भलत्याच सुरात गाते. आता तर पत्रं यायला यंत्राचं धूडही लागत नाही, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. कोणी तुम्हाला मेलेल्या माणसाचा, संताचा, देवाचा निरोप आणून दिला, तर त्याला विचारा: हा कोणी पाठवला, कुठून पाठवला, केव्हा पाठवला. दाखवलेल्या ओळीखाली कोणाचा हात असेल तर तो बाजूला करायला सांगा. विचारल्याने देवाचा अपमान होत नाही. झालाच तर तो पाठवणाऱ्याचा होतो, आणि त्याचा व्हायलाच हवा. पण एवढे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत दिवस जातात, आठवडे जातात. आम्हाला एक महिना लागला. तुम्हाला किती लागतील माहीत नाही. तोवर औषध बंद करू नका.